मोठ्या जाळ्यातला लहान कोळी : नाशिक परिसरात दवबिंदू कोळी कसा शोधावा आणि कसा पाहावा

दवबिंदू कोळी हा जेमतेम तीन ते चार मिलिमीटर लांबीचा, ज्वारीच्या दाण्याएवढा प्राणी आहे. तो शोधायचा असेल तर आधी त्याला शोधणे सोडून द्यावे आणि मोठ्या कोळिणीचे जाळे शोधावे, कारण हा कोळी आपले बहुतेक आयुष्य दुसऱ्याने विणलेल्या जाळ्यात, दुसऱ्याने पकडलेल्या शिकारीवर काढतो. झाडाची पाने उलटून किंवा पालापाचोळा चाळून तो सापडत नाही. जाळे ओळखणे, जाळ्याचा मालक ओळखणे आणि मग त्या जाळ्याच्या कडा नजरेने तपासणे, या क्रमानेच गेले पाहिजे. हा क्रम पाळणाऱ्याला एकाच सकाळी, एकाच जाळ्यात, चोरी, सहभोजन, लपाछपी आणि वीण यांपैकी काही ना काही पाहायला मिळण्याची चांगली शक्यता असते.

या कोळ्यांच्या वंशाचे शास्त्रीय नाव आर्गिरोडीस असून तो १८६४ साली फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमाँ यांनी प्रस्थापित केला. या वंशातील ज्या जातीवर हा लेख मुख्यतः बेतलेला आहे ती आर्गिरोडीस फ्लेव्हेसेन्स होय. तिचे वर्णन ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी १८८० साली केले आणि तिचा प्रसार श्रीलंका व भारतापासून जपान आणि न्यू गिनीपर्यंत आहे. थेरिडिइडी या ज्या कुलात हा वंश मोडतो, त्याच कुलात विषारी म्हणून प्रसिद्ध असलेली ब्लॅक विडो ही कोळीणही येते. दवबिंदू कोळ्यापासून मात्र माणसाला काहीही धोका नाही. या कुलातील कोळ्यांच्या चौथ्या पायांच्या टोकाशी करवतीसारख्या दातेरी केसांची एक ओळ असते आणि तिच्या साहाय्याने ते रेशीम ओढून भक्ष्यावर फेकतात, परंतु ही ओळ पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. शेतात किंवा जंगलात तिचा उपयोग नाही.

कोठे आणि केव्हा

या जातीचा सर्वांत परिचित यजमान म्हणजे नेफिला पिलिपेस, जिला इंग्रजीत जायंट वुड स्पायडर म्हणतात. मादीचे शरीर तीन ते पाच सेंटिमीटर लांब असते, पाय पसरल्यावर ती माणसाच्या तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी दिसते. काळसर उदरावरच्या लांब पिवळ्या रेघा आणि उन्हात सोनेरी चमकणारे रेशीम या दोन खुणांवरून तिला ओळखणे सोपे जाते. तिचे चक्राकार जाळे मीटरभर रुंद असू शकते आणि त्याला आधार देणारे दोर त्याहूनही कितीतरी लांब, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत गेलेले असतात. दवबिंदू कोळ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, अनेक चक्राकार जाळी विणणारे कोळी दररोज जुने जाळे खाऊन नवे विणतात, तर नेफिला आपल्या जाळ्याचा एखादा भागच बदलते आणि उरलेले जाळे तसेच ठेवते. अशा टिकाऊ जाळ्यात पाहुण्याला बस्तान बसवता येते.

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा हे तालुके, सह्याद्रीच्या पावसाचे आणि झाडीचे आहेत. पूर्वेकडे सिन्नर, येवल्याच्या बाजूला पाऊस झपाट्याने कमी होतो. मोठ्या नेफिलेसाठी पश्चिमेचीच वाट धरावी. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याची झाडी, वैतरणेच्या खोऱ्यातील ओढ्यांचे काठ, करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्यावर वाकलेली झाडे यांच्यामधील मोकळ्या फटी तपासाव्यात. उडणारे कीटक ज्या वाटेने जातात तिथेच जाळे बांधले जाते, म्हणून ओढ्यावरची आणि पायवाटेवरची मोकळी जागा सर्वांत फलदायी ठरते. आषाढ-श्रावणात जाळी लहान असतात आणि संततधारेने मोडतात. भाद्रपदापासून माद्या पूर्ण वाढू लागतात, आणि गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचा काळ निरीक्षणाला उत्तम असतो. राखीव वनक्षेत्रात जाताना वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

ज्यांना इतक्या दूर जाणे जमत नाही त्यांनी निराश होऊ नये. शहराच्या आसपास, पांडवलेणीच्या पायथ्याच्या झाडीत, गंगापूर धरणाच्या बाजूच्या कुंपणांत किंवा शेताच्या बांधावरील निवडुंग आणि घायपातात सिर्टोफोरा नावाच्या कोळिणीची तंबूसारखी जाळी शोधावीत. हे जाळे उभे नसून आडवे असते, त्याची वीण अत्यंत बारीक असते, मधला भाग वर उचललेला असतो आणि वर-खाली धाग्यांचे विस्कळीत जंजाळ असते. त्यात चिकट धागा नसतो. हे जाळेही दीर्घकाळ टिकते आणि एकाच झुडपात अशी अनेक जाळी एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून आर्गिरोडीस वंशाचे पाहुणे तेथेही राहतात. नवशिक्याने नेफिलेपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सिर्टोफोराच्या जंजाळात चार मिलिमीटरचा प्राणी वेगळा काढणे सरावलेल्या डोळ्यांनाही कष्टाचे जाते.

द्राक्षबागांबद्दल एक सूचना आवश्यक आहे. बागेच्या बांधावर जाळी दिसतात, परंतु ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमध्ये औषधांच्या फवारण्या वारंवार होतात. बागायतदाराला विचारल्याशिवाय आत जाऊ नये आणि नुकत्याच फवारलेल्या ओळींत मुळीच जाऊ नये. बागायतदाराशी बोलणे झालेच, तर बांधावरची जाळी का पाहत आहोत हेही सांगावे. जाळ्यात कोणते कीटक अडकतात हे तो आपल्यापेक्षा अधिक वेळा पाहत असतो.

उभे कसे राहावे, पाहावे कसे

साहित्य थोडेच लागते. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, काळा कार्डपेपर, लहान विजेरी, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि वही-पेन्सिल एवढ्यावर भागते. जवळच्या अंतरावर नीट रोखता येणारी दुर्बीण असेल तर उत्तमच, कारण भिंग वापरायचे तर चेहरा जाळ्याच्या अगदी जवळ न्यावा लागतो.

सकाळी ऊन कोवळे असताना जावे आणि ऊन जाळ्याच्या पलीकडून, किंचित तिरके येईल अशी जागा निवडावी. अशा प्रकाशात धागे उजळतात आणि कोळ्याच्या उदरावरील चंदेरी ठिपके चमकून दिसतात. काळा कार्डपेपर जाळ्याच्या मागे हातभर अंतरावर धरला की हेच काम आणखी सोपे होते. जाळ्यासमोर श्वास जोरात सोडू नये. माणसाचा श्वास जाळ्यावर आदळला की यजमान कोळीण सावध होते, कधी जाळे झुलवू लागते, आणि पाहुणे पाय आखडून धाग्याला निश्चल लटकून राहतात. अशा वेळी ते वाळक्या बीसारखे दिसतात आणि हमखास नजरेतून सुटतात. मुख्य म्हणजे आधारदोरांना धक्का लावू नये. नेफिलेच्या जाळ्याचे दोर दोन्ही बाजूंना दूरवर गेलेले असतात, त्यामुळे जाळ्याकडे पाहत पुढे सरकणाऱ्याच्या खांद्याला ते आधीच लागतात. जाळ्यापासून चार-पाच पावलांवर थांबावे, दोर कोठे बांधले आहेत ते नजरेने शोधावे आणि मगच जवळ जावे. गवतात पाऊल टाकताना बूट घातलेले असावेत. पावसाळ्यानंतरच्या झाडीत घोणस आणि फुरसे दोन्ही असू शकतात, आणि वर पाहत चालणाऱ्याचे खाली लक्ष नसते.

आता नजर जाळ्याच्या मध्यभागी नेऊ नये. मध्यभागी यजमान कोळीण डोके खाली करून बसलेली असते आणि तिच्या आकाराने डोळे तिकडेच खेचले जातात. वरच्या कडेपासून आरंभ करून, चक्राबाहेरील धाग्यांचा जो विस्कळीत पडदा जाळ्याच्या पुढे-मागे असतो त्यात, एका बाजूने दुसऱ्या बाजूला सावकाश पाहत यावे. दवबिंदू कोळी बहुधा याच भागात उलटा लटकलेला असतो.

त्याचे शरीर एकदा नीट पाहिले की पुन्हा चूक होत नाही. शिरोवक्ष, म्हणजे पुढचा भाग, लहान आणि चपटा असतो. उदर मात्र मागच्या बाजूला उंच होत गेलेल्या शंकूसारखे असते, बाजूने पाहिल्यास ते त्रिकोणी दिसते. या जातीत उदराचा रंग लालसर केशरी असून त्यावर चंदेरी ठिपके असतात आणि टोकाशी काळा डाग असतो. पाय बारीक आणि काळपट असतात, पुढचे विशेष लांब. चंदेरी चमक ही रंगद्रव्याची नसते. त्वचेखालच्या पेशींत ग्वानीन नावाच्या उत्सर्जित द्रव्याचे सूक्ष्म स्फटिक साठवलेले असतात आणि ते प्रकाश परावर्तित करतात. नराच्या डोक्याचा पुढचा भाग दुभंगलेला, दोन उंचवट्यांचा असतो. बाजूने भिंगातून पाहिल्यास हे स्पष्ट दिसते आणि त्यावरून नर-मादी जागेवरच ओळखता येतात.

नवख्याची सर्वांत मोठी गफलत नेफिलेच्या नराबाबत होते. नेफिलेचा नर मादीच्या मानाने इतका लहान, साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो की मादीच्या जाळ्यात तोही एखादा आगंतुकच वाटतो. पण तो तपकिरी असतो, त्याचे उदर लांबट असते, उंच होत गेलेले नसते, त्याच्यावर चंदेरी ठिपके नसतात आणि तो बहुधा मादीच्या जवळ, चक्राच्या मध्याकडे थांबतो. त्याच्या तोंडाजवळची पाल्प नावाची उपांगे टोकाशी गाठ मारल्यासारखी जाड दिसतात. पाल्पची अशी गाठ प्रत्येक प्रौढ नर कोळ्याला असते, दवबिंदू कोळ्याच्या नरालाही, म्हणून केवळ तिच्यावरून निर्णय करू नये. उदराचा आकार आणि जाळ्यातील जागा या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात. जाळ्यात अडकलेले कीटकांचे अवशेष आणि गवताच्या बिया यांनीही फसगत होते, पण त्यांच्यावर ऊन पडल्यावर चंदेरी चमक दिसत नाही.

काही जाळ्यांत संपूर्ण चंदेरी, केशरी रंग नसलेले पाहुणे दिसतील. ते आर्गिरोडीसच्याच दुसऱ्या जातींचे असू शकतात. जातीचा निश्चित निर्णय नराच्या पाल्पची आणि मादीच्या जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो, म्हणून नोंदीत शंका असेल तेथे केवळ वंशाचे नाव लिहावे. अर्धवट खात्रीच्या जातिनावापेक्षा वंशाचे खात्रीचे नाव अधिक मोलाचे असते.

वर्तन : येथे वेळ द्यावा

कोळी सापडला, छायाचित्र काढले आणि पुढे निघाले, अशी घाई बहुतेकजण करतात, आणि या प्राण्याचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या हातून निसटते. दिसण्यापेक्षा त्याचे वागणे कितीतरी पटींनी समृद्ध आहे. एका जाळ्यासमोर निदान तासभर बसण्याची तयारी असावी.

प्रथम त्याचे स्वतःचे धागे शोधावेत. दवबिंदू कोळी यजमानाच्या सोनेरी जाळ्यात आपले अत्यंत बारीक, रंगहीन धागे जोडतो. त्यांतले काही त्याच्या विश्रांतीच्या जागेपासून चक्राच्या मध्याकडे, जिथे यजमान बसते आणि शिकार टांगते तिथे, गेलेले असतात. त्यांवर पाय टेकवून तो यजमानाची प्रत्येक हालचाल कंपनांतून ओळखतो. त्याची दृष्टी कामाची नाही, सर्व व्यवहार स्पर्शावर चालतो. जाळ्यात कीटक आदळला, यजमान धावली, तिने चावा घेतला, गुंडाळायला सुरुवात केली, या प्रत्येक क्रियेचे कंपन वेगळे असते आणि पाहुणा त्यानुसार वागतो.

म्हणून मोठा कीटक जाळ्यात अडकताच आपण यजमानाकडे न पाहता पाहुण्याकडे पाहावे. यजमान शिकार गुंडाळण्यात गुंतली की तो पुढे सरकू लागतो, ती थांबली की तोही थांबतो. तिच्याच हालचालींच्या कंपनांत त्याची चाहूल दडते. फ्रिट्झ व्होलराथ यांनी पनामात नेफिलेच्या जाळ्यांतील आर्गिरोडीस एलेव्हेटस या जातीच्या वर्तनाचा अभ्यास करून १९७९ साली तो प्रसिद्ध केला. हे कोळी पाहायचे कसे, याचा पाया त्या अभ्यासातून मिळतो.

अन्न मिळवण्याचे त्याचे अनेक मार्ग आहेत आणि आपण जे पाहिले ते यांपैकी कोणते, हे ओळखणे हेच निरीक्षकाचे काम. सर्वांत साधा मार्ग म्हणजे जाळ्यात अडकलेले चिलटासारखे बारीक कीटक, ज्यांच्याकडे यजमान ढुंकूनही पाहत नाही, ते वेचून खाणे. यात यजमानाचे नुकसान जवळजवळ नसते. दुसरा मार्ग सहभोजनाचा आहे. यजमान मध्यभागी शिकार खात असताना पाहुणा विरुद्ध बाजूने हळूच येऊन त्याच शिकारीला तोंड लावतो. कोळी भक्ष्यात पाचकरस सोडून ते द्रवरूप झाल्यावर शोषतात, त्यामुळे यजमानाने अर्धवट विरघळवलेले अन्न पाहुण्याला आयते मिळते. तिसरा मार्ग म्हणजे उघड चोरी. नेफिला गुंडाळलेली शिकार मध्याजवळ टांगून ठेवते, आणि दुसरा कीटक अडकला की तिकडे धावते. नेमक्या त्या वेळी दवबिंदू कोळी टांगलेल्या गाठोड्यापाशी येतो, त्याला आपला धागा जोडतो, भोवतालचे यजमानाचे धागे एकेक करून तोडतो आणि गाठोडे आपल्या धाग्यावर झुलवत कडेला नेतो. हे दृश्य पाहायला मिळाले तर त्याची वेळ, शिकारीचा अंदाजे आकार आणि यजमानाला ते कळले की नाही, या तिन्ही गोष्टी लगेच लिहून ठेवाव्यात.

याशिवाय तो यजमानाच्या जाळ्याचे रेशीमही खातो, कारण रेशीम हे प्रथिनच आहे. क्वचित यजमानाची पिले किंवा कात टाकत असलेली, हालचाल न करू शकणारी यजमान कोळीणही त्याचे भक्ष्य होते.

यावरून तो निव्वळ उपद्रवी असे ठरवण्याची घाई करू नये. पाहुण्यांची गर्दी झाल्यावर नेफिला जागा बदलते असे आढळले आहे, म्हणजे नुकसान खरे आहे. उलट तैवानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिर्टोफोराच्या जाळ्यातील आर्गिरोडीस फिसिफ्रॉन्स या जातीच्या चंदेरी अंगामुळे अधिक कीटक जाळ्याकडे आकर्षित होतात असे दिसून आले. आपल्याकडील जाळ्यांत हिशेब कोणत्या बाजूला झुकतो हे पाहण्यासारखे आहे, आणि एकाच जाळ्याला आठवड्यातून एकदा भेट देऊन पाहुण्यांची संख्या व जाळ्याची जागा नोंदवत गेले तर त्याची काही कल्पना येऊ शकते. एखाद्या जाळ्यात एकच पाहुणा असतो, एखाद्यात बरेच असतात, त्यामुळे मोजणी प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, वरून खाली, करावी.

विणीच्या काळात आणखी दोन गोष्टी शोधाव्यात. नराच्या डोक्यावरील उंचवटे शोभेचे नाहीत. या वंशातील काही जातींत मीलनाच्या वेळी मादी या भागाला तोंड लावते आणि तेथील स्राव ग्रहण करते. भिंगाच्या टप्प्यात असे जोडपे सापडले तर जागेवरून हलू नये. दुसरी गोष्ट म्हणजे अंडकोष. तो यजमानाच्या जाळ्याच्या कडेला किंवा जवळच्या फांदीवर बारीक देठाने टांगलेला असतो, मध्ये फुगीर आणि खाली आखूड नळीसारखा निमुळता. आरंभी फिकट असलेला हा कोष पुढे कागदासारखा आणि तपकिरी होतो. त्याला हात लावू नये, केवळ जागा टिपून ठेवावी आणि पुढच्या भेटीत पिले बाहेर पडली का ते पाहावे.

अंधार पडल्यावरही जाऊन पाहणे योग्य ठरते, कारण पाहुण्यांची वर्दळ तेव्हाही चालते. विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावावा आणि झोत थेट जाळ्यावर फार वेळ रोखू नये, नाही तर प्रकाशाकडे येणारे पतंग जाळ्यात पडून आपणच निरीक्षण बिघडवतो.

छायाचित्र आणि नोंद

मोबाईलला लावायची मॅक्रो भिंगे आता सहज मिळतात आणि या कामाला पुरेशी असतात. चंदेरी ठिपके फ्लॅशमध्ये पांढरे फटक होऊन तपशील नाहीसा होतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवावा किंवा एक्स्पोजर कमी करावे. एक चित्र अगदी बाजूने घ्यावे, ज्यात उदराचा त्रिकोण दिसेल, एक वरून आणि एक संपूर्ण जाळ्याचे, ज्यात यजमान ओळखू येईल. यजमानाचे चित्र नसेल तर पाहुण्याच्या नोंदीचे निम्मे मोल जाते. जाळे छायाचित्रात उठून दिसावे म्हणून त्यावर पीठ किंवा पावडर उडवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती कृपा करून वापरू नये. चिकट धागे निकामी होतात आणि कोळिणीला सगळे पुन्हा विणावे लागते. पहाटेचे दव हवे तसे काम करते.

नोंदीत तारीख, वेळ, गावाचे नाव, जमिनीपासून जाळ्याची उंची, यजमान, पाहुण्यांची संख्या, नर-मादी आणि पाहिलेले वर्तन इतके असावे. आय-नॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर ती टाकताना यजमानाची आणि पाहुण्याची नोंद वेगवेगळी करून एकमेकींना जोडावी.

मार्गशीर्षापर्यंत नेफिलेच्या बहुतेक माद्या जमिनीत अंडी घालून मरतात आणि त्यांची जाळी फाटून लोंबू लागतात. त्यानंतर निरीक्षण थांबवू नये. रिकाम्या जाळ्यात पाहुणे किती दिवस दिसतात ते मोजावे आणि त्याच आठवड्यांत आसपासच्या घायपातातील व निवडुंगातील सिर्टोफोराची जाळी कडेपासून तपासावीत. मोठ्या जाळ्यात तयार झालेली नजर आता त्या बारीक जंजाळातही त्रिकोणी उदर वेगळे काढू शकते.